चर्चने वाहतूकही चालवली

महोदय,

अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध बसवर टाकलेल्या बहिष्काराविषयी रविवारच्या पुरवणीत आलेल्या लेखात त्यांची चर्च केवळ भाषणांची जागा म्हणून येतात, हे चित्र अपुरे आहे. ५ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमधील सभेत बहिष्कार चालू ठेवण्याचे ठरले, हे खरे. पण हजारो कष्टकरी रोज कामावर पोहोचले नसते, तर तो ३८१ दिवस टिकलाच नसता.

सुरुवातीला कृष्णवर्णीय टॅक्सीचालक बसच्याच दरात, १० सेंटमध्ये, प्रवासी नेत. किमान ४५ सेंट भाड्याचा नियम पुढे करून अधिकाऱ्यांनी तो मार्ग बंद केला. मग १९५३ चा बॅटन रूज या अमेरिकी शहरातील बस बहिष्कार चालवलेले पाद्री टी. जे. जेमिसन यांचा सल्ला घेऊन खासगी मोटारींची साखळी उभारली गेली. सकाळचे अनेक थांबे चर्चच्या दारातच होते. भाडे घेतल्यास विनापरवाना वाहतुकीचा ठपका येई. म्हणून पेट्रोलचा खर्च देणग्यांतून, चर्चमधील सभांत जमणाऱ्या पैशांतून भागवला जाई. पुढे स्टेशन वॅगन घेतल्या, त्याही चर्चच्या नावावर. विमा कंपन्यांनी पॉलिसी रद्द केल्या, तेव्हा लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवावा लागला. ही यंत्रणा वक्तृत्वावर उभी राहिली नव्हती.

१३ नोव्हेंबर १९५६ रोजी स्थानिक न्यायालयाने या गाड्यांवर बंदी घातली, त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल कायम केला. लेखात हा भाग यायला हवा होता.

– एक वाचक, पुणे