टर्बाइनच्या सिरॅमिक लेपावरही लिहा

मा. संपादक साहेब,

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर गेला की पहिल्या पानावर बातमी असते, असावीच, पण उष्णता सहन करणाऱ्या मटेरियलवर काय काम चालतं तेही छापा ना. विमानाच्या इंजिनातल्या टर्बाइन ब्लेडवर (गरम वायूने फिरणाऱ्या पात्यांवर) झिर्कोनिया या सिरॅमिकचा उष्णता अडवणारा लेप असतो, त्यात ६ ते ८ टक्के यिट्रिया (लेप टिकावा म्हणून मिसळलेलं दुसरं ऑक्साइड), प्लाझ्मा स्प्रेने (अतिशय तापलेल्या वायूच्या झोतात पावडर वितळवून) मारलेला हा लेप सच्छिद्र असतो आणि छिद्रांमुळे उष्णता आत अजून कमी जाते, पण अडचणपण तिथंच, हवेतली धूळ-वाळू साधारण १२०० डिग्रीला वितळून त्याच छिद्रांत शिरते, थंड झाली की कडक होते आणि लेपाचे पापुद्रे निघतात. यावर उपाय म्हणजे आयन बीमचा (विद्युतभारित कणांच्या झोताचा) जोरदार पल्स, म्हणजे क्षणभराचा झटका, दिला की फक्त वरचे काही मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वितळून छिद्रं बुजतात, खालचा थर तसाच राहतो. मला हे फार भारी वाटतं! पण यात वरच्या थराला बारीक तडे पडतात, त्यावर अजून काम पाहिजे.

दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये विद्यापीठातल्या संशोधकांना आयन बीम वापरता येतो, तिथला बीम वेगळ्या प्रकारचा, पण शिकायला तर मिळतं. आपल्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठातल्या, धुळे-नंदुरबारच्या कॉलेजातल्या पोरांपर्यंत हे पोचलं पाहिजे. पुरवणीत अर्धं पान तरी द्या.

– एक वाचक, भुसावळ