विषय : कूलांज दोन आहेत (आणि आमची बॅग)

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

काल दुपारी तुमच्या प्रतिनिधीने अकरा मिनिटं माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि शेवटी बालीच्या सहलीवर पाच हजारांची सूट देऊ केली. मला बालीला जायचं नाही. मला बॅगेबद्दल उत्तर हवं आहे. म्हणून हे पत्र.

सहल कोणती ते तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच विकली आहे. फ्रान्समधल्या ओसेरपासून निव्हर्ने कालव्याच्या काठाने सहा रात्री, बरोबर गाइड नाही. सायकली तुमच्या, रस्ता तुमच्या ॲपवर, सामान रोज पुढच्या मुक्कामी तुम्ही पोचवणार. विमानभाडं सोडून दोघांचे २,९४,००० रुपये.

तक्रार फ्रान्सबद्दल नाही, हे आधीच सांगतो. कालव्याकाठची वाट सुंदर आहे, माणसं भली आहेत, पाव उत्तम आहे. तक्रार आमच्या पायांचीही नाही. तुमच्या एका प्रतिनिधीने ‘सर, एज फॅक्टर पण असतो’ असं सुचवलं, म्हणून कळवतो की मी दर आषाढात पुण्याहून पंढरपूर सायकलने गाठतो आणि बायको दिवेघाट न उतरता चढते.

रविवार, १५ जून. ओसेरहून निघालो. तुमच्या माहितीपत्रकात ‘मोटारमुक्त, सपाट मार्ग’ असं लिहिलं आहे. ॲपने आम्हाला गावाबाहेर काढलं ते थेट एन १५१ वर. हा राष्ट्रीय रस्ता आहे, त्यावर गाड्या ऐंशीच्या वेगाने जातात आणि कालवा तिथून दिसतसुद्धा नाही. फ्रान्समध्ये रविवारी अवजड ट्रकना बंदी असते, एवढीच त्या दिवशी देवाची कृपा. झी-लेव्हेक नावाच्या खेड्यात एका आजोबांनी आमच्याकडे पाहिलं, डोक्याला हात लावला आणि पूर्वेकडे बोट केलं. त्या बोटाने आम्हाला द्राक्षमळ्यांतून, कूलांज-ला-व्हिनूझ गावातून, खाली व्हँसेलला कालव्यावर आणून सोडलं. तुमचं ॲप तोवर ‘परत फिरा’ म्हणत होतं. नंतर विचारलं तर उत्तर मिळालं, ‘सर, सिस्टिम शॉर्टेस्ट रूट देते.’ कमीत कमी अंतरच कापायचं असतं तर माणूस सायकलवर कशाला बसेल?

कूलांज-ला-व्हिनूझ हे नाव लक्षात ठेवा. तिथे साडेदहाला आम्ही पाणी भरून घेतलं.

आता पंक्चर. पंक्चर होणं हा तुमचा दोष नाही, पंक्चर कुणालाही होतं. मेरी-स्यूर-योनजवळ, सोस्वाच्या कड्यांखाली, बायकोच्या सायकलचं मागचं चाक बसलं. पंक्चरचं सामान मी घरून नेतोच. पॅच लावला. मग तुमच्या पिशवीतला पंप काढला. सायकलला प्रेस्टा व्हॉल्व्ह, बारीक, टोकाला नट असलेला. पंप मोटारीच्या जाड व्हॉल्व्हचा. जादा ट्यूबही जाड व्हॉल्व्हची, ती रिमच्या भोकातून जाईना. म्हणजे तुमचा पंप आणि तुमची ट्यूब एकमेकांना अगदी जुळत होते. लग्न लावून द्यावं असे. फक्त सायकलशी त्यांचा संबंध नव्हता.

मी हेल्पलाइनला फोन लावला. वाउचरवर लाल अक्षरांत ‘२४ तास’ असं छापलेल्या. हे संभाषण तुमच्याकडे ‘गुणवत्तेसाठी रेकॉर्ड’ झालं असेलच, तरी लिहितो, कारण ते मला पाठ झालं आहे.

‘सर, तुमचं करंट लोकेशन?’

‘मेरी-स्यूर-योन.’

‘पॅरिसपासून किती मिनिटांवर आहे, सर?’

मी म्हटलं, हवा नसलेल्या सायकलने का? त्यावर त्या बाई हसल्या नाहीत. मी व्हॉल्व्हचं सांगितलं. त्यांनी ‘वॉल’ ऐकलं आणि भिंतीला काही नुकसान झालं आहे का, असं विचारलं. पुन्हा सांगितलं. मग :

‘सर, तुम्ही जवळच्या पंक्चरवाल्याकडे जाऊ शकता का?’

आता तुम्ही जरा माझ्या जागी उभे राहा. डावीकडे कालवा. वर पांढरा कडा, त्याला दोरावर लटकलेली दोन माणसं. समोर एक बगळा. कोथरूडमध्ये दर दोनशे पावलांवर टायर टांगलेला असतो, तसा तिथे नव्हता. मी आवाज न चढवता सांगितलं (बायको साक्षीला आहे) की रविवार आहे, वाटेतली शेवटची बेकरीसुद्धा साडेबाराला बंद झाली, इथे काहीही उघडं नाही. त्यांनी होल्डवर ठेवलं. रोमिंगवर चार मिनिटं बासरी ऐकली. मग त्या परत आल्या आणि म्हणाल्या,

‘सर, मी चेक केलं. पॅकेजच्या वर्णनात शांत ग्रामीण फ्रान्स असं क्लिअरली मेन्शन आहे. त्यामुळे दुकानं बंद असणं हे पॅकेजमध्ये इन्क्लुडेड आहे, सर.’

इन्क्लुडेड! मी गप्प झालो. एकतीस वर्षं बँकेत काउंटरवर काढली, लोकांना कशी वाटेला लावतात ते मला शिकवायला नको, पण हे मला कधी सुचलं नसतं. नंतर ‘सीनियर अर्ध्या तासात कॉल करतील’ म्हणाल्या आणि फोन ठेवायच्या आत, एक ते पाचमध्ये मी त्यांना किती गुण देईन ते विचारलं.

तेव्हा तिथे दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, म्हणजे तुमच्याकडे पाच चाळीस. अर्ध्या तासाने मीच फोन केला तर ध्वनिमुद्रित आवाज : कार्यालयीन वेळ सकाळी दहा ते सायंकाळी सहा. उन्हाळ्यात फ्रान्स आपल्या साडेतीन तास मागे असतं. म्हणजे तुमचे चोवीस तास तिथे दुपारी अडीचला संपतात. त्यानंतर पंक्चर होणार नाही याची काळजी ग्राहकाने घ्यावी, असं वाउचरवर छापा. लाल अक्षरांतच.

सायकल ढकलत कालव्यावरच्या पुढच्या लॉकपाशी गेलो, म्हणजे जिथे दारं लावून पाणी वर-खाली करतात आणि बोटी पुढे सोडतात. तिथे विशीतली एक मुलगी हातातल्या दांड्याने लॉकचं दार फिरवत होती, एक बोट आत खोळंबली होती. तिने आधी बोट सोडली, मग चाकाकडे पाहिलं, घराच्या भिंतीला टेकवलेल्या आपल्या सायकलचा पंप काढून आणला आणि स्वतःच हवा भरली. पैसे घेतले नाहीत. बायकोने दिलेली शेंगदाण्याची चिक्की मात्र घेतली, उन्हाकडे धरून पाहिली आणि तिथेच मोडून खाल्ली. तिला कुणी गुण विचारले नाहीत. मी पाचपैकी पाच देतो.

संध्याकाळी कूलांज-स्यूर-योनला पोचलो. खोली होती, बॅग नव्हती. बॅग होती कूलांज-ला-व्हिनूझला. सकाळी साडेदहाला आम्ही जिथे पाणी भरलं, त्याच गावात दुपारी आमची बॅग उतरली आणि आम्ही तिच्यापासून दूर पेडल मारत राहिलो. दोन गावांत वीस-पंचवीस किलोमीटरचं अंतर आहे, एक टेकडीवर द्राक्षांत, दुसरं नदीवर. वडगाव शेरीची बॅग वडगाव मावळला टाकावी तसंच हे. तुमच्या बाईंचं उत्तर : ‘सर, स्पेलिंग सेमच आहे ना.’ सेम नाही. पहिला शब्द सेम आहे. पुढचे शब्द फ्रेंचांनी शोभेसाठी जोडलेले नाहीत.

त्या बॅगेत माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. रात्रीची गोळी चुकली. घरमालकीणबाईंनी पाच फोन करून बॅग शोधली आणि सोमवारी सकाळी टॅक्सीने मागवली. ६८ युरो मी दिले. ते परत मागितले तर काल तुमच्या प्रतिनिधीने विचारलं, ‘पावतीवर जीएसटी नंबर आहे का?’ बरगंडीतल्या टॅक्सीवाल्याचा जीएसटी नंबर. बॅगेबद्दल मात्र काल पुन्हा एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी क्लामसीला गेलो. तुम्ही ज्या कालव्यावर सहली विकता तो १७८४ मध्ये खणायला घेतला, पॅरिसला सरपण पोचवण्यासाठी. मोरव्हांच्या जंगलातले ओंडके लोक नदीत सोडून देत आणि क्लामसीला, टोकावर हातोडीने मारलेला शिक्का बघून, ज्या व्यापाऱ्याचा ओंडका त्याच्या ढिगात लावत. हजारो ओंडके, ओले, एकसारखे. आमच्या बॅगेवर नाव होतं, गाव होतं आणि तुमचा क्यूआर कोड होता.

मला राग आहे त्यापेक्षा वाईट जास्त वाटतं. १९९८ मध्ये माझ्या आईवडिलांना चारधाम तुम्हीच घडवलं. तुमचा माणूस रात्री खोलीखोलीत कोमट पाणी आहे का विचारत फिरायचा, असं वडील शेवटपर्यंत सांगत. त्याच भरवशावर मुलाने सुचवलेली परदेशी कंपनी सोडून तुमच्याकडे आलो. तो आता काही बोलत नाही, नुसता हसतो.

टॅक्सीचे ६८ युरो, सामान पोचवण्याचे आकारलेले सगळे पैसे आणि बॅग चुकल्याची लेखी कबुली, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर’ हे शब्द वगळून, पंधरा दिवसांत मिळावी. ॲपवरचा तो एन १५१ आजच काढा. आमच्यानंतर कुणी लहान पोरं घेऊन जाईल. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मला पुण्यातच, घराजवळ, जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांच्या आतल्या दाव्याला शुल्क नाही. मी निवृत्त आहे. माझ्याकडे वेळच वेळ आहे.

आपला,
कोथरूडचा ग्राहक
(बुकिंग क्रमांक तुमच्या सिस्टिममध्ये आहे, शॉर्टेस्ट रूटने शोधा)

ता. क. : तुमचा पंप चुकून आमच्या सामानातून पुण्याला आला. माझ्या स्कूटरला तो अचूक बसतो. कुरियरने परत पाठवतो, पण पत्ता पूर्ण कळवा. त्या नावाची दोन ठिकाणं असतील तर नेमकं कोणतं, तेही.