उत्सव सर्वांचा, उस्तवार कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की गोव्यात गावागावांत जत्रा-काल्यांचा हंगाम सुरू होतो, तो शिगमो आटोपेपर्यंत. याच दिवसांत आमदार चषक क्रिकेट, फ्लडलाइटखालची फुटबॉल स्पर्धा, हळदीकुंकू, ज्येष्ठांचा सत्कार आणि कार्निव्हल हेही उरकून घ्यायचे असते. मतदारसंघातल्या चार-पाच पंचायती एकत्र धरल्या तर नोव्हेंबर ते मार्च एकही रविवार मोकळा सापडत नाही, आणि निवडणूक जवळ आली की चषकांची संख्या वाढते, हे वेगळे सांगायला नको. उत्सव व्हावेत, जोरात व्हावेत. मागणी एवढीच, की ज्या कार्यक्रमाच्या फलकावर आमदारांचे छायाचित्र आहे, त्याची आधी एक संयुक्त पाहणी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक फेरतपासणी, ही दोन कामे त्यांच्या कार्यालयाने अंगावर घ्यावीत.

परवानगी देणे हे आमदारांचे काम नव्हे, हे मान्य. ध्वनिक्षेपकाचा अर्ज उपजिल्हाधिकारी कार्यालयात जातो, ना-हरकत दाखला पंचायत देते, बंदोबस्त पोलीस ठेवतात, तात्पुरता वीजजोड वीज खाते देते, आगीचा दाखला अग्निशामक दलाकडून येतो, खाण्याच्या गाड्यांची नोंदणी अन्न व औषध प्रशासनाकडे असते आणि देवस्थानाचा विषय निघाला की मामलेदार. प्रत्येक जण आपल्यापुरता कागद पाहतो. जागेवर एकत्र उभे राहून कोणी पाहत नाही. कनिष्ठ अभियंता, पोलीस उपनिरीक्षक, पंचायत सचिव आणि अग्निशामक अधिकारी यांना एका संध्याकाळी एकाच तिठ्यावर आणायचे, तर त्याला आमदारांच्या कार्यालयातून फोन जावा लागतो. सरपंचाने बोलावले तर दोघे येतात आणि दोघे ‘उद्या बघू’ म्हणतात.

ही पाहणी किमान दोन आठवडे आधी हवी. मंडपाचे खांब रोवल्यावर ते कोणी हलवत नाही. सोबत मोजपट्टी आणि चुन्याची पिशवी न्यावी, कारण खरा घोळ रस्त्याच्या रुंदीत असतो. गावचा रस्ता समजा सहा मीटर रुंद आहे. फेरीची (जत्रेत भरणाऱ्या बाजाराची) दुकाने दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटर पुढे आली की मधे उरतात दोन. अग्निशामक बंबच अडीच मीटरच्या आसपास रुंद असतो आणि त्याला वळायला-थांबायला साडेतीन मीटर तरी लागतात. म्हणून दुकाने एकाच बाजूला, आणि जागा वाटण्याच्या आधी चुन्याची रेघ. सोपो (दुकानाच्या जागेचा कर) पंचायत घेवो की देवस्थान समिती, दुकानामागे पैसे मिळत असल्याने दुकाने वाढवण्याचा मोह दोघांनाही होतो. रेघ नंतर मारली तर ती कागदावरच राहते. कमान आणि आडव्या बांधलेल्या ताडपत्र्यांचे दोर साडेचार मीटरच्या खाली नसावेत. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथे नाईट क्लबला आग लागून २५ जणांचा जीव गेला, तेव्हा अरुंद वाटेमुळे बंब जागेपर्यंत पोचू शकले नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात शिरगावच्या लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, ती उताराच्या वाटेवर. उतार, अरुंद वाट आणि समोरासमोर येणारी गर्दी हे तिन्ही जिथे एकत्र येतात तिथे येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी करावीच लागते. एका चौरस मीटरमध्ये चारपेक्षा जास्त माणसे झाली की पाय आपल्या मर्जीने टाकता येत नाही. तिथे दोरी धरून उभे राहणारे स्वयंसेवक वाटेच्या वरच्या टोकाला हवेत. खाली ठेवून उपयोग नाही, कारण लोंढा वरून येतो.

विजेचे काम तर बहुतेक ठिकाणी मंडपवाल्याच्या पोऱ्यावर सोडलेले असते. वायरींचे सांधे नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळून गवतात टाकलेले, माळा लोखंडी बॅरिकेडला बांधलेल्या, जनरेटरला अर्थिंगचा पत्ता नाही. पहाटेच्या दवाने किंवा पाणी मारलेल्या अंगणाने झटका बसायला तेवढे पुरते. मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला तर गळती होताच पुरवठा तुटतो. डेकोरेशनच्या एकूण बिलात त्याची किंमत दिसतसुद्धा नाही. वीज खात्याच्या अभियंत्याने पाहणीत चारच गोष्टी बघाव्यात: आरसीसीबी, अर्थिंग, सांधे जमिनीपासून वर आहेत की नाहीत, आणि खांबावर आकडा टाकलेला नाही ना. गॅसची शेगडी जनरेटरपासून आणि मंडपाच्या कापडापासून निदान तीन मीटर दूर, सिलिंडर उभा, रबरी नळीवर आयएसआय खूण. दुकानात घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर दिसला तर तो तिथे नियमानेच चालत नाही. गाड्यावर लागतो १९ किलोचा व्यावसायिक.

खाण्याच्या गाड्यांवर अधिक लिहीत नाही. कृत्रिम रंग आणि हलक्या सॉसमुळे गोबी मंच्युरियनवर २०२२ मध्ये वास्कोच्या दामोदर सप्ताहाच्या फेरीत आणि २०२४ मध्ये म्हापशात निर्बंध आले, ते सर्वांना आठवत असेल. मात्र बंदी एका पदार्थावर घालून रंग आणि सॉस सुटत नाहीत. ते त्याच गाड्यावरच्या दुसऱ्या कढईत जातात.

आवाजाबद्दल मात्र थोडे सविस्तर, कारण त्यात गैरसमज फार. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद. सांस्कृतिक-धार्मिक प्रसंगांसाठी राज्य सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकते, तीही वर्षात फार तर १५ दिवस. पण १० च्या आधी वाटेल तेवढा आवाज चालतो ही समजूत चुकीची आहे. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा १० अधिक किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल ते. म्हणजे वाड्यातल्या मैदानाच्या कडेला दिवसा ६५. आता बक्षीस समारंभाला लावलेली डीजेची भिंत घ्या. दहा मीटरवर ९५ डेसिबल असेल तर अंतर दुप्पट झाले की साधारण सहा डेसिबल उतरतात: वीस मीटरवर ८९, चाळीसवर ८३, ऐंशीवर ७७. ऐंशी मीटरवरच्या घरात आजारी माणूस असला तर दार-खिडक्या लावूनही सुटका नाही, कारण ठोक्याचा खालचा सूर भिंतीतून येतो. उपायही साधा आहे. रंगमंचाजवळ दोन मोठ्या भिंती उभ्या करण्याऐवजी प्रेक्षकांच्या मधे आणि दोन्ही कडांना सहा-आठ लहान स्पीकर, खाली झुकवलेले, प्रत्येकाचा आवाज कमी. शेवटच्या रांगेला शब्द स्पष्ट ऐकू येतात आणि शेजारच्या वाड्यावर दणका जात नाही. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे किमान १०० मीटर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. आरोग्य केंद्राला लागून असलेल्या मैदानावर डीजेला दाखला देण्याआधी ते अंतर पावलांनी मोजले तरी पुरे.

यात खरा अन्याय होतो तो नाटकावर. जत्रेच्या नाटकाचा पडदा पिढ्यानपिढ्या रात्री उशिरा वर जातो आणि पेडण्याकडचा दशावतार तर पहाटेपर्यंत चालतो. पेटी-तबल्याच्या त्या आवाजाने कोणाची झोप मोडली अशी तक्रार क्वचित ऐकू येते. पण १० चा काटा गाठला जातो तो नेमका नाटकाच्या नांदीला, आणि सायंकाळी सातपासून घरे हादरवणारा डीजे वेळेत संपला म्हणून सुटतो. सवलतीच्या १५ दिवसांची यादी ठरते तेव्हा आपल्या मतदारसंघातल्या जत्रांच्या तारखा सरकारपुढे ठेवणे हे मात्र शंभर टक्के आमदारांचे काम आहे.

कचऱ्याचा नियमही आहेच. परवाना नसलेल्या जागी शंभराहून अधिक माणसांचा कार्यक्रम करायचा तर स्थानिक संस्थेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवायचे आणि कचरा वेगळा करून सोपवायचा, ही अट २०१६ च्या घनकचरा नियमांतच आली. प्रत्यक्षात पंचायतीला कळते सोमवारी सकाळी, गाडीवाल्याकडून. रविवारी रात्रीचा ओला कचरा तोवर कुत्र्यांनी-गुरांनी पसरलेला असतो आणि गाडीवाला एकत्र झालेला ढीग उचलत नाही. त्याचे बरोबरच आहे. असा ढीग साळगावच्या किंवा काकोड्याच्या प्रकल्पावर नेला तरी तिथे तो पुन्हा वेगळा करावा लागतो. फेरीत दर पंचवीस मीटरवर दोन डबे, जेवणाच्या पंगतीजवळ तिसरा, आणि प्रत्येक जोडीपाशी उभा राहणारा एक माणूस. माणसाशिवाय डबे ठेवले तर पहिल्या अर्ध्या तासात दोन्हींत तेच पडते. पाण्याचा हिशेब करून बघा: हजार माणसे, प्रत्येकी अर्धा लिटर, म्हणजे ५०० लिटर, वीस लिटरचे २५ जार. जार रिकामे होऊन परत जातात. त्याऐवजी बाटल्या घेतल्या तर हजार बाटल्या उरतात, निम्म्या व्हाळात. स्टीलचे पेले धुवायला दोन बायका आणि एक नळ लागतो, तो खर्च बाटल्यांपेक्षा जास्त येत नाही. ‘कागदी’ म्हणून मिळणाऱ्या चकचकीत ताटल्यांना आत प्लास्टिकचा थर असतो, त्या कुजत नाहीत. पत्रावळी घ्याव्यात. आणि १ जुलै २०२२ पासून थर्मोकोलची सजावट, प्लास्टिकचे चमचे यांच्यासोबत १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकही बंद आहेत. वीजखांबाला तारेने आवळलेले शुभेच्छा फलक त्या हिशेबाने एकदा हाताने चाचपून पाहावेत, आमदारांच्या कार्यकर्त्यांनीच.

वाहनतळासाठी शेत विचारताना शेतमालक आणि कूळ दोघांनाही विचारायला हवे. सरदाचे (पावसाळी) भात कापून झाले म्हणून शेत मोकळे आहे असे समजू नये. वायंगण (पावसाळ्यानंतरचे दुसरे भात) लावायचे असेल तर गाड्यांच्या चाकांनी बांध फुटतो आणि पाणी टिकत नाही. शंभर मोटारींना फिरण्याच्या जागेसह अडीच हजार चौरस मीटर लागतात. एवढे नसेल तर गाड्या आधीच्या तिठ्यावर थांबवाव्यात. रस्ता बंद करताना कदंबच्या आगाराला आणि खाजगी बसवाल्यांना लेखी कळवणे राहून जाते. मग शेवटची बस आधीच्या थांब्यावरून परत वळते आणि कामावरून येणाऱ्या बायका काळोखातून दोन-दोन किलोमीटर चालतात.

रस्त्यांचा विषय निघालाच आहे तर भूमिगत वाहिन्यांसाठीच्या खोदकामाचेही त्याच पाहणीत बघावे. चर बुजवताना माती १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी टाकायची, प्रत्येक थरावर पाणी मारून कॉम्पॅक्टर फिरवायचा, वर खडीचे थर आणि मग डांबर. होते काय, की काढलेली माती एकदम ढकलतात आणि पालखी किंवा रोमटामेळ (शिगम्याची मिरवणूक) जायचा म्हणून वरून हॉटमिक्सचा पातळ पापुद्रा ओढतात. शिगम्याला रस्ता गुळगुळीत दिसतो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात माती बसते आणि चराच्या रेषेत रस्ता खचतो. उत्सवाच्या महिनाभर आधी नव्या खोदकामाला परवानगीच देऊ नये आणि जुन्या चरावर डांबर पडण्यापूर्वी थरांची तपासणी लेखी व्हावी.

शेवटचा मुद्दा तक्रारींचा. आमदार कार्यक्रमाला आले की लोक त्यांच्या हातात चिठ्ठ्या देतात, खासगी सचिव मोबाइलवर काहीतरी टिपतो आणि विषय तिथेच राहतो. व्यासपीठाच्या बाजूला एक टेबल, कार्बन लावलेली दुहेरी पावतीची वही आणि लिहिणारा एक माणूस ठेवावा. ‘आमच्याकडे दिवे नाहीत’ असे लिहून काही होत नाही. खांबाचा क्रमांक, वाडा, बंद पडल्याची तारीख लिहावी. पाण्याची तक्रार असेल तर ग्राहक क्रमांक आणि पाणी कोणत्या वेळी येत नाही ते. आतली पायवाट आणि कचरा पंचायतीकडे, मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, व्हाळाचा गाळ जलस्रोत खात्याकडे, घरावर झुकलेले धोकादायक झाड उपजिल्हाधिकाऱ्यांकडे: पावतीवर खात्याचे नाव तिथेच पडले पाहिजे. एकच खांब किंवा एकच व्हाळ वहीत तिसऱ्यांदा आला, तर तो पर्वरीच्या विधानसभेत लेखी प्रश्न म्हणून जावा.

ग्रामसभेच्या नियमित बैठका जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधल्या रविवारी होतात. ऑक्टोबरच्या बैठकीत हंगामाच्या सगळ्या कार्यक्रमांचे एकत्र वेळापत्रक आणि या वहीतल्या प्रलंबित तक्रारी मांडून घ्यायच्या असतील तर विषय आधी पंचायत सचिवाकडे लेखी द्यावा, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी.

आपले,
फोंडा तालुक्यातील काही रहिवासी