दहीकाला झाल्यावर

कुडाळ,
२७ ऑगस्ट

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर बोललो ते बोलायला नको होतं. "नाटकं बंद कर" एवढं तोंडातून गेलं आणि तू फोन ठेवलास. आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. पोर रडत असेल तर आधी रडू द्यावं, असं तिचं म्हणणं. मला मात्र कळेना, जर्मनीतल्या तुमच्या त्या लार्पमध्ये, म्हणजे सोंग घेऊन दिवसचे दिवस जगायच्या खेळात, मेलेला तुझा तो सेनापती तासाभराने उठून तुझ्याच शेजारी सूप पीत बसला होता, तर घरी येऊन दोन दिवस तू कुणासाठी रडत होतीस?

मग तू पाठवलेले व्हिडिओ नीट बघितले. ब्रोकेलोहचं माळरान, तंबूंच्या रांगा, चिलखतं घातलेली हजारो माणसं. मिथोडिया नावाचा या खेळाचा हा मेळा २००४ पासून ऑगस्टमध्ये भरतो म्हणालीस, म्हणजे आपल्याकडच्या जत्रेसारखाच. तलवारी फोमच्या, वर लॅटेक्सचा लेप, डोक्यावर वार करायचा नाही. आणि कुणाला खरोखरच लागलं तर "स्टॉप" म्हणून ओरडायचं, की आजूबाजूचे सगळे जागच्या जागी थांबतात. हे मला फार आवडलं. ३१ वर्षं मधल्या सुट्टीतल्या मारामाऱ्या सोडवल्या, असा एक शब्द आमच्याकडे असता तर!

प्रेक्षक नसतात, हे मात्र पचायला वेळ लागला. बघणाराच नाही तर सोंग कुणापुढे? आईने भाजी निवडता निवडता म्हटलं, "नानाभावजी तरी कुठे लोकांकडे बघायचे?"

ते खरं आहे. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण काय होणार ते ठरतं, पुढचं सगळं उभ्या उभ्या. नाना स्त्रीपार्टी, बायकांच्या भूमिका करायचा. आंगणेवाडीला एकदा त्याने राजाला शब्दांत असा अडकवला, की राजालाच घाम फुटला आणि हार्मोनियमवाल्याने पद सुरू करून त्याची सुटका केली. मी सहावीत होतो. माझा भाऊ आहे हे शेजारच्या पोराला सांगायचं होतं, पण लुगड्यातल्या माणसाला भाऊ म्हणायची लाज वाटली. आजतागायत ती लाज आठवते. पहाटे खेळाच्या शेवटी दहीकाला व्हायचा, हंडी फुटायची, मग नाना रंग पुसून पेटारा डोक्यावर घ्यायचा. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, असं लोक म्हणायचे. आमच्याकडे रात्री राणी.

पडवीतला नाना तुला आठवत असेल. आई जेवायला हाक मारायची आणि तो राणीच्या आवाजात उत्तर द्यायचा. तुम्ही पोरं हसायचात. मी नाही हसायचो.

म्हणून विचारतो, खेळ संपल्यावर तू पुरती परत येतेस ना?

हे विचारायचं नाही असं ठरवून लिहायला बसलो होतो. पात्राचं दुःख माणसात झिरपतं त्याला तुम्ही "ब्लीड" म्हणता, आणि खेळानंतर गोल करून त्यावर बोलता, असं तू समजावलंस. ज्याला नाव दिलंय ते तुम्हाला ठाऊक आहे, यावर मी निर्धास्त व्हावं की घाबरावं? "इन-टाइम" म्हणजे खेळातला वेळ, "आउट-टाइम" म्हणजे बाहेरचा, हे शब्द छान आहेत. पण मधला उंबरठा कुठे असतो?

शिवाय प्रबंध डिसेंबरात द्यायचा आहे. पुढे तिथे नोकरी शोधायला १८ महिने मिळतात हे मलाही माहीत आहे, पण १८ महिने म्हणजे काय गं, दोन पावसाळे. त्या झग्याला आणि बुटांना किती युरो गेले ते विचारणार नव्हतो, विचारलं. पैसा तुझा, तू कॅफेत उभं राहून मिळवलेला. मास्तरकी अंगातून जात नाही, सोडून दे.

त्या डेन्मार्कच्या होब्रोतल्या शाळेचं पुन्हा सांग. २००६ पासून तिथे भूमिकांत शिरूनच सगळे विषय शिकवतात, हे मी वाडीतल्या दोन निवृत्त मास्तरांना सांगितलं. एकाचा विश्वास बसला नाही, दुसरा म्हणाला, आपण आयुष्यभर शिक्षकाचंच सोंग केलं.

आणि एक. तिसऱ्या व्हिडिओत तू त्या लाकडी फाटकावर चढून पन्नासेक दाढीवाल्यांवर जर्मनमध्ये ओरडतेस आणि ते ऐकतात. मला अक्षर कळलं नाही. चार वेळा बघितला. पाचवीच्या स्नेहसंमेलनात तू झाड झाली होतीस, एक वाक्य नव्हतं, तरी विंगेत रडलीस. ती तू कुठे गेलीस, म्हणजे बऱ्या अर्थाने विचारतोय. या वेळी बऱ्या अर्थाने.

तुझ्या त्या सेनापतीचं खेळातलं नाव काय होतं? रविवारी तू सांगत होतीस, मी मध्येच बोललो.

माळ्यावरून नानाचा पेटारा काढला. तलवार आहे, मूठ सैल झालीय, सुताराकडे दिली. कुरिअरवाला तलवार म्हटल्यावर हात लावेना. तुमच्याकडे लाकडी चालणारच नाही, फोमचीच लागते. भिंतीला लाव. प्रबंध दिलास की ये आणि घेऊन जा.

तुझा,
बाबा

ता.क. दोन दिवस रडलीस, तिसऱ्या दिवशी जेवलीस का, असं आई विचारते. मीही विचारतो.