‘तुमची सुट्टी कोणी अडवली होती?’

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात शिक्षकांच्या सेवाविषयक शंका आणि त्यांची उत्तरे असे पाऊण पान छापून आले आहे. शंका अगदी खऱ्या आहेत. पण उत्तरे ज्यांनी लिहिली, त्यांनी पंचायत समितीच्या आस्थापना टेबलासमोर कधी उभे राहून पाहिलेले दिसत नाही. जवळपास प्रत्येक उत्तर ‘लेखी आदेश मागावा’ नाहीतर ‘आपल्या संघटनेशी संपर्क साधावा’ इथे येऊन संपते. एवढे सरळ असते तर त्या बिचाऱ्यांनी वर्तमानपत्राला पत्र कशाला लिहिले असते?

बीएलओच्या (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे मतदार यादीच्या) कामाबद्दल विचारणाऱ्या भगिनीला तर तुम्ही चक्क नकार द्यायला सांगितले आहे. का, तर शिक्षण हक्क कायद्याने अशैक्षणिक कामाला बंदी आहे म्हणून. अहो, ते कलम शेवटपर्यंत वाचायचे तरी! दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक स्वराज्य संस्थांपासून संसदेपर्यंतच्या निवडणुकांची कामे यांचा अपवाद त्यातच केलेला आहे. तुमच्या भरवशावर तिने नकार दिला तर तहसीलमधून कारणे दाखवा नोटीस येईल, आणि ती मात्र न मागता लेखी येईल. सांगायचाच होता तर सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा निकाल सांगायचा. मतदार यादीचे काम शिक्षकांना सुट्टीच्या दिवशी द्यावे, शिकवण्याच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेत एरवी देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. नकार देण्यापेक्षा हा निकाल जोडून अर्ज करणे केव्हाही बरे.

आणि खरी गोम त्याच्या पुढे आहे. सुट्टीच्या दिवशी म्हणजे आमच्याच सुट्टीच्या दिवशी. त्यातली दीर्घ सुट्टी, म्हणजे उन्हाळ्याची किंवा दिवाळीची, बुडाली तर भरपाई नियमात आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे आम्ही दीर्घ सुट्टी विभागातले कर्मचारी. पूर्ण सुट्टी घेतली तर त्या वर्षाची अर्जित रजा, म्हणजे कामाच्या बदल्यात खात्यावर साठणारी रजा, नाही. वरिष्ठांच्या आदेशाने सुट्टीत कामावर राहावे लागले, तर बुडालेल्या सुट्टीच्या प्रमाणात अर्जित रजा जमा होते. आदेश नसेल तर तुम्ही सुट्टी उपभोगली असेच धरतात. आता हा आदेश कसा मिळतो, किंवा खरे तर कसा मिळत नाही, ते माझ्याकडून ऐका.

आमच्याकडे लोकसभेचे मतदान १३ मे २०२४ रोजी, चौथ्या टप्प्यात झाले. शाळेला सुट्टी लागली होती. माझ्याकडे बीएलओचे काम. मतदार चिठ्ठ्या घरोघर वाटायच्या, त्या सुद्धा घरातल्या जाणत्या माणसाच्या हातात देऊन सही घ्यायची. दुपारी निम्म्या घरांना कुलूप, म्हणून सकाळी उजाडताच एक फेरी आणि दिवेलागणीला दुसरी. ‘बरंय मॅडम तुमचं, सुट्टी लागली ना?’ हे प्रत्येक दारात ऐकायचे. निवडणूक पार पडेपर्यंत कोणीही मुख्यालय सोडू नये, असा निरोप व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आला होता. खाली आम्ही सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रे टाकली. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर टेबल मांडून, यादी घेऊन, लोकांची नावे शोधून देत संध्याकाळपर्यंत बसले. तक्रार नाही. काम करायचे ते नीट करावे, या मताची मी आहे.

शाळा सुरू झाल्यावर अर्जित रजा सेवापुस्तकात नोंदवावी म्हणून पंचायत समितीत रीतसर अर्ज केला. टेबलावरच्या सहायकांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “मॅडम, तुमची सुट्टी कोणी अडवली होती?”

“निवडणुकीचं काम होतं.”

“ते झालं हो. सुट्टीत थांबा असा आदेश कुठंय? हा तर तुमच्या नेमणुकीचा आदेश आहे, त्यात मे महिन्याचं नावसुद्धा नाही.”

ग्रुप निकालानंतर बंदच करून टाकला होता, पण मी स्क्रीनशॉट जपून ठेवला होता. तो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मोठा करून वाचला आणि परत दिला. “हा मेसेज आहे. आदेशाला जावक क्रमांक असतो.”

तहसीलमध्ये गेले. तिथे मतदानाच्या एका दिवसाचे उपस्थिती प्रमाणपत्र द्यायला तयार. चिठ्ठ्या वाटल्या त्या दिवसांचा हजेरीपट म्हणे त्यांच्याकडे नसतो. आमचे केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे) भला माणूस. ते म्हणाले, “मी हवं तर लिहून देतो, पण माझी सही तिथं चालणार नाही.” पुन्हा पंचायत समिती. अर्जाची पोच मागितली तर साहेब आल्यावर घ्या. साहेब व्हीसीत, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये. गंमत म्हणजे बीएलओच्या नेमणुकीच्या आदेशात लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम ३२ चा धाक ठळक अक्षरात छापलेला होता. कामात कसूर केली तर तुरुंग. म्हणजे कसूर केली असती तर माझ्या मे महिन्याचा हिशोब सरकारने चोख ठेवला असता! त्या रजेची नोंद आजतागायत झालेली नाही. चार रजा गेल्या म्हणून मी काही भिकेला लागत नाही, पण म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो.

आता तुमचा दुसरा सल्ला, संघटनेशी संपर्क साधण्याचा. साधला. दरवर्षी न चुकता पावती फाडते, तेवढा तरी हक्क आहेच. तालुक्याचे पदाधिकारी फोनवर फार आदराने बोलले. “ताई, सध्या बदल्यांचं चाललंय. संवर्गाचा घोळ मिटू द्या, मग तुमचं बघतो.” मग संचमान्यता (पटावरून शिक्षकांची पदे ठरवणे) आली, मग अधिवेशन आले. ‘अशैक्षणिक कामे बंद करा’ ही मागणी प्रत्येक निवेदनात असते. निवेदन देतानाचा फोटो तुमच्याच पेपरात येतो, साहेब मध्ये आणि आठ-दहा जण हसतमुख दोन्ही बाजूंना. पण सुट्टी लागायच्या आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांसमोर बसून तालुक्यातल्या सगळ्या बीएलओंसाठी एकच कागद काढून घ्या, हे कोणाला सुचत नाही. मी संघटनेच्या विरोधातली नव्हे. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागले असल्याने मला जुनी पेन्शन आहे, तरी मार्च २०२३ च्या संपात नंतर लागलेल्यांसाठी मी मांडवात बसले होते. मोठ्या लढाईला सगळे येतात, टेबलावरच्या कागदाला कोणी येत नाही, ही माझी तक्रार आहे.

आणि ज्यांच्या निवडणुका आम्ही पार पाडतो, त्यांच्याकडे दाद मागावी तर तिथेही बोंबच. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाचे सात आमदार आहेत. त्यांना मत देण्याचा अधिकार माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना, प्राथमिक शिक्षकाला नाही. बाकीच्या मतदार याद्या आम्ही करायच्या, आणि या यादीत आम्ही नाही.

विषय निघालाच आहे म्हणून सांगते. आमच्यासाठी कागद निघतच नाहीत असे नव्हे. २०२२ साली वर्गात शिक्षकांचे फोटो लावायला सांगितले. मार्च २०२४ मध्ये पेहराव कसा असावा आणि नावाआधी ‘टि’ (इंग्रजीत ‘Tr’, म्हणजे टीचर) लावावे याचा शासन निर्णय निघाला. त्याला क्रमांक होता, संकेतांक होता, सगळे होते. फोटोचा एक उपयोग मात्र मान्य केला पाहिजे. मी शाळेच्या दिवसांत यादी घेऊन वाडीवर फिरत असते, तेव्हा वर्गात निदान तो असतो.

आता २०२७ च्या जनगणनेचे काम आहे. ते अपवादातच मोडते, त्यामुळे टळणार नाही आणि टाळूही नये. पण त्यातला जो भाग दीर्घ सुट्टीत येईल, त्यासाठी काम सुरू होण्याआधीच गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीचे पत्र हवे. त्यात नाव, शाळा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत सुट्टीत थांबवले ते, आणि जावक क्रमांक. काम संपल्यावर तहसीलदारांकडून उपस्थितीचे प्रमाणपत्र, तेही सगळ्या दिवसांचे. दोन्हींच्या झेरॉक्स जोडून अर्ज, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का. वर्षाअखेर सेवापुस्तक मागून रजेचे पान स्वतः डोळ्यांनी बघायचे, दुय्यम प्रत आपल्याजवळ असेल तर तिच्यातही नोंद करून घ्यायची. तुमच्या पाऊण पानात हे कुठेच नव्हते. पुढच्या वेळी एवढे जरी छापलेत तरी पुष्कळ.

आम्हाला वर्तणूक नियम लागू आहेत, म्हणून नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा

ता. क. : उत्तरात शिक्षण हक्क कायद्याचे कलम २८ छापले आहे. ते खासगी शिकवण्यांच्या बंदीचे आहे. अशैक्षणिक कामाचे कलम २७. दुरुस्ती छापावी, नाहीतर कोणीतरी ते कात्रण तसेच अर्जाला जोडेल.