चेरोकी पूर्वजांचा शोध

संपादक महोदय,
अमेरिकेतील चेरोकी या मूळनिवासी जमातीतले पूर्वज शोधणारे बहुतेक जण थेट डॉझ यादी (अमेरिकी सरकारने केलेली जमातीच्या सदस्यांची नोंद) उघडतात आणि नाव सापडले नाही की हात टेकतात. ही यादी १८९८ ते १९१४ मधली, तीही तेव्हा इंडियन टेरिटरीत (आजच्या ओक्लाहोमाच्या पूर्व भागात) राहणाऱ्यांची. जमातीचे पश्चिमेकडे सक्तीचे स्थलांतर झाले तेव्हा पूर्वेकडेच राहिलेले त्यात कसे सापडणार? त्यांच्यासाठी ग्वायन मिलर यादी (भरपाईसाठी अर्ज केलेल्या पूर्व चेरोकींची नोंद) पाहावी. डॉझ यादीत नाव सापडलेच, तर तिच्यातला क्रमांक आणि नोंदणी-कार्डाचा क्रमांक वेगळे असतात. कुटुंबाची माहिती कार्डावर मिळते.

स्थलांतरापूर्वीची १८३५ ची हेंडरसन शिरगणती फारच बोलकी! नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे, पण मक्याचे बुशेल (धान्याचे माप), सूत कातणाऱ्या बायका, चेरोकी वाचू शकणारे यांचे आकडे घरटी आहेत. जमिनीसाठी अमेरिकी अभ्यासक चार्ल्स रॉइस यांचा १८८४ चा नकाशा जवळ ठेवावा. कोणत्या तहात कोणता तुकडा गेला, ते त्यावर दिसते.

– एक वाचक, पुणे