नाव छापलं, कोळी राहून गेला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकाच्या आतल्या पानावर जंगलात कोळ्याची नवी प्रजाती सापडल्याची बातमी होती. जेमतेम चार बोटांची. हातातला चहा निवेपर्यंत मी ती दोनदा वाचली. कोळ्याचं नाव कोणाच्या नावावरून ठेवलं ते कळलं, अभिनंदन कोणीकोणी केलं तेही कळलं. पण तो कोळी केवढा, झाडावर राहतो की पाचोळ्यात, जाळं विणतो की नाही, याचा पत्ताच नाही. वर मथळ्यात 'कीटक' आणि मजकुरात 'विषारी'.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे हात आपोआप लाल पेनाकडे गेला. कोळी कीटक नाही हो! कीटकाला सहा पाय, कोळ्याला आठ. कीटकाच्या डोक्यावर शृंगिका, म्हणजे मिशांसारखे अवयव असतात, कोळ्याला नसतात. सातवीच्या पोरानं हे चुकवलं तर मी अर्धा गुण कापायचो. राहिलं विष. ते जवळपास सगळ्याच कोळ्यांना असतं, नाहीतर माशी मरायची कशी? माणसाला बाधेल असे कोळी फार थोडे. 'विषारी' वाचून आमच्या शेजारच्या काकूंनी मात्र त्याच दिवशी अंगणातली सगळी जाळी झाडूनं ओढून टाकली. त्यात दोन अगदी निरुपद्रवी कुटुंबं उघड्यावर आली, हे आपल्या माहितीसाठी.

नावाबद्दल माझी तक्रार नाही. ठाण्याकडे सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याचं २०२१ मध्ये 'आयशियस तुकारामी' असं नामकरण झालं. कसाबची बंदूक धरून ठेवून गोळ्या झेलणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून ते ठेवलं. ते वाचून माझेही डोळे भरून आले होते. त्याआधी २०१९ मध्ये एका कोळ्याला सचिन तेंडुलकरचं नाव मिळालं, त्याच्याही बातम्या झाल्या. पण आज कोणालाही विचारून पाहा, तो सचिनचा कोळी दिसतो कसा? नाव पाठ, प्राणी गायब. कर्नाटकातल्या पश्चिम घाटातल्या, २०१६ मध्ये नोंदवलेल्या कोळ्याच्या वाट्याला जरा बरं नशीब आलं. वाळलेल्या पानासारखा दिसणारा, मागे निमुळता शेंडा वळलेला, जेमतेम सात मिलिमीटरचा जीव. त्याचं नाव एका कादंबरीतल्या जादूच्या टोपीवरून ठेवलं, कारण त्याचा आकारच तसा. म्हणून नावासोबत कोळीही थोडाफार लक्षात राहिला.

मुळात 'सापडला' या शब्दानंच घोळ होतो. रस्त्यात नाणं सापडावं तसा नवा कोळी सापडत नाही, तो नवा ठरवावा लागतो. जंगलातून आणलेला नमुना अल्कोहोलच्या कुपीत राहतो आणि पुढचं सगळं काम सूक्ष्मदर्शकाखाली चालतं. रंगावर विसंबता येत नाही, कारण एकाच जातीत रंग बदलतात. पिल्लू हाती लागलं तर बहुतेक वेळा उपयोग नाही, पूर्ण वाढलेला कोळीच लागतो. नराच्या तोंडाजवळ पायांसारखे दोन आखूड अवयव असतात, टोकाला मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यासारखे फुगीर. त्यांतून तो मादीला वीर्य देतो. मादीच्या पोटाखाली त्याला जुळणारी कठीण चकती असते. या जोडीची ठेवण जातीगणिक वेगळी असते आणि खरी ओळख तिथेच पटते. मग डोळ्यांची मांडणी, प्रत्येक पायाची लांबी, अंगावरचे केस हे सगळं मोजायचं, रेखाटायचं आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वर्णनांशी ताडून पाहायचं. शेवटी एक नमुना 'मूळ नमुना' म्हणून संग्रहालयात जपून ठेवायचा. उद्या कोणाला शंका आली तर त्याच्याशीच पडताळणी होते.

एवढं करूनही चुका होतात. पावसाळ्यात पेंचकडे गेलात तर वाटेवर आडव्या ताणलेल्या सोनेरी जाळ्यात मोठी रानकोळीण दिसेल, पाय धरून तळहाताएवढी. त्याच जाळ्याच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा एक लालसर जीव बसलेला असतो. तो तिचा नवरा. जुन्या काळी काही जातींत नराला एक नाव आणि मादीला दुसरंच, असं झालंय ते उगाच नाही. तरी मोजणी थांबत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संग्रहालयात जगभरच्या कोळ्यांची नोंदवही ठेवतात. एप्रिल २०२२ मध्ये तिच्यात ५०,०००वी जात चढली, ब्राझीलमधली.

आपल्या अंकात वाघाला रोज जागा मिळते. ताडोब्यातल्या वाघिणीचे बछडे किती आणि ते कुठे दिसले, हे आम्हाला घरच्या नातवंडांसारखं पाठ आहे. वाघाची जागा कापा असं मी म्हणत नाही. पण मेळघाटातल्या कोळ्यांवर दर्यापूरच्या महाविद्यालयात वर्षानुवर्षं काम होतंय. नागपूरहून तिथे फोन लावायला किती वेळ लागतो? पुढच्या वेळी नव्या कोळ्याची बातमी आली की चारच ओळी जास्त द्या: लांबी किती, कुठे बसतो, शिकार कशी धरतो, आणि जवळच्या जातीहून वेगळा कशानं ठरला. अभिनंदनाचा परिच्छेद कापला तर जागा निघते.

कोळी कुठे बसतो, शिकार कशी धरतो हे कळलं की काय होतं ते परवा अंगणात पाहिलं. नातू कडुनिंबाच्या खोडाला नाक लावून उभा होता. एकदम ओरडला, "आबा, साल चालून राह्यली!" चष्मा लावून पाहिलं तर दोन शेपट्यांचा कोळी, सालीसारखाच राखाडी, चपटा, डोकं खाली करून चिकटलेला. त्या शेपट्या म्हणजे धागा सोडणारे लांब अवयव. तेवढ्यात एक मुंगळा जवळून गेला. कोळ्यानं त्याच्यावर झेप घेतली, पाठ त्याच्याकडे केली आणि त्याच्याभोवती गरगर फिरायला लागला. देवळात प्रदक्षिणा घालावी तसा, फक्त दहापट वेगानं. मुंगळा खोडाला बांधला गेला तेव्हा कुठे स्वारी थांबली. पोरगं त्या दिवशी जेवायलाही आत येईना.

तो कोळी अजून तिथेच आहे. नवी जात नाही, जुनाच आहे, पण छायाचित्रकार पाठवायचा असेल तर सकाळी दहाच्या आत पाठवा. नंतर खोडावर ऊन आलं की तो पलीकडच्या बाजूला सरकतो आणि मग आम्हालाही दिसत नाही.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक
गोरेवाडा रस्ता, नागपूर